१८० हा आकडा येतो कुठून? अण्वस्त्रबळाच्या मोजमापाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही नऊ अण्वस्त्रधारी देशांचा तक्ता छापला होता. आकडे स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेचे, जानेवारी २०२५चे होते : रशिया ५,४५९, अमेरिका ५,१७७, चीन ६००, फ्रान्स २९०, ब्रिटन २२५, भारत १८०, पाकिस्तान १७०, इस्रायल ९० आणि उत्तर कोरिया ५०. त्यावर मुंबई-ठाणे परिसरातून बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : भारत सरकार अण्वस्त्रांची संख्या सांगत नाही, पाकिस्तानही सांगत नाही. मग १८० आणि १७० हे आकडे कुणी मोजले? की सगळा अंदाजपंचे कारभार आहे? (एक वाचक, मुलुंड)

अंदाज आहे, पण हवेतला नाही. तो तीन बाजूंनी बांधत आणतात. पहिली बाजू स्फोटक द्रव्याची. देशाजवळ अस्त्रयोग्य प्लुटोनियम किंवा उच्चसमृद्ध युरेनियम किती, यावरून संख्येची कमाल मर्यादा ठरते. दुसरी बाजू वाहनांची : क्षेपणास्त्रांचे लाँचर किती, विमानांच्या किती तुकड्यांना हे काम नेमून दिले आहे, पाणबुडीत नळ्या किती. तिसरी बाजू कागदांची : संसदेतली उत्तरे, अर्थसंकल्प, लष्करी संचलन, निवृत्त अधिकाऱ्यांची विधाने.

भारताचा हिशेब पाहा. देशाकडे अस्त्रयोग्य प्लुटोनियम सुमारे ७०० किलो असावे, असे स्वतंत्र अभ्यासक मानतात. यात दोन्ही बाजूंना सुमारे दीडशे किलोची चूक असू शकते. एका अस्त्राला ५ किलो धरले आणि साठा ५५० किलो मानला, तर ११० अस्त्रे होतात. ४ किलो धरून साठा ८५० मानला, तर २१२. द्रव्याचा हिशेब आपल्याला एवढेच सांगतो की उत्तर ११० ते २१०च्या दरम्यान आहे. त्यातला १८० हा आकडा लाँचर मोजून आणि एकेका लाँचरमागे किती अस्त्रे ठेवली असतील ते ठरवून येतो. म्हणून १८० आणि १७० यांतल्या दहाच्या फरकावर कुणी ‘भारत पुढे गेला’ असे लिहिले, तर त्याला फारसा अर्थ नाही. तो फरक मोजमापाच्या चुकीत केव्हाच बुडून जातो.

हे मोजमाप तपासून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. मे २०१०मध्ये अमेरिकेने आपला साठा जाहीर केला : सप्टेंबर २००९अखेर ५,११३. फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्सच्या अभ्यासकांनी त्याआधी ५,१०० म्हटले होते. २०२४मध्ये पुन्हा आकडा आला, ३,७४८. त्यांचा अंदाज ३,७०८ होता. मात्र हे यश उघड्या देशाबाबतचे आहे. सोव्हिएत संघाने १९८६मध्ये सुमारे ४५,०००चा कळस गाठला होता, असे रशियाचे अणुऊर्जामंत्री मिखाइलोव्ह यांनी पुढे सांगितले. पाश्चात्त्य अंदाज त्याहून हजारोंनी कमी होते. बंद देशाच्या बाबतीत लाँचर दिसतात. गोदामात राखून ठेवलेली अस्त्रे दिसत नाहीत.

प्रश्न : अमेरिका-रशिया करारात १,५५०ची मर्यादा होती असे वाचले. मग तक्त्यात पाच हजारांवर आकडे कसे? करार मोडला का? (एक वाचक, बोरिवली)

तीन वेगळे आकडे एकमेकांत मिसळले जातात. एकूण संख्येत निवृत्त झालेली आणि मोडीत निघण्याची वाट पाहणारी अस्त्रेही येतात. लष्करी साठ्यात ती येत नाहीत. म्हणून अमेरिकेचे ५,१७७ आणि साठा ३,७००, रशियाचे ५,४५९ आणि साठा ४,३०९. त्याहून लहान आकडा तैनातीचा, म्हणजे क्षेपणास्त्रावर चढवलेली किंवा बाँबफेकी विमानांच्या तळावर ठेवलेली अस्त्रे. जगभरात ती सुमारे ३,९०० आहेत.

नव्या स्टार्ट कराराची १,५५०ची मर्यादा फक्त तैनात दीर्घ पल्ल्याच्या अस्त्रांना होती, आणि त्यात एक मोठी खोच होती. प्रत्येक जड बाँबफेकी विमान एकच अस्त्र वाहते असे गृहीत धरायचे, मग त्यात वीस क्षेपणास्त्रे मावत असली तरी. उलट क्षेपणास्त्रावरची अस्त्रे प्रत्यक्ष मोजायची. त्यासाठी वर्षाला १८ स्थळपाहण्यांची तरतूद होती. सप्टेंबर २०२२च्या शेवटच्या देवाणघेवाणीत अमेरिकेने १,४२० आणि रशियाने १,५४९ अस्त्रे दाखवली. फेब्रुवारी २०२३मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला. कराराची मुदत फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती. ती देवाणघेवाण थांबल्यापासून बाहेरच्या अभ्यासकांच्या हातातला सर्वांत भरवशाचा मोजपट्टा गेला आहे. ही फार मोठी हानी आहे, कारण उपग्रहाला सायलोचे, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवायच्या भूमिगत विहिरीचे, झाकण दिसते, पण क्षेपणास्त्राच्या टोकावर एक अस्त्र आहे की तीन, हे दिसत नाही.

प्रश्न : आमच्या घराच्या गच्चीवरून तुर्भ्याच्या अणुकेंद्राचे घुमट दिसतात. आत किती प्लुटोनियम तयार झाले हे परदेशातल्या माणसाला कसे कळते? (एक वाचक, चेंबूर)

अणुभट्टीची औष्णिक शक्ती आणि ती किती दिवस चालली, या दोन गोष्टींवरून. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या, जड पाण्याच्या संशोधन अणुभट्टीत इंधन लवकर बाहेर काढले तर दर मेगावॉट-दिवसामागे साधारण ०.९ ग्रॅम प्लुटोनियम तयार होते. तुर्भ्याच्या दोन अणुभट्ट्यांपैकी सायरस ४० मेगावॉटची होती. ती १९६०मध्ये सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१०ला कायमची बंद झाली. ध्रुव १०० मेगावॉटची आहे, ऑगस्ट १९८५पासून. ध्रुव वर्षातून ६० टक्के क्षमतेने चालली असे धरा : १०० गुणिले ३६५ गुणिले ०.६ म्हणजे २१,९०० मेगावॉट-दिवस, म्हणजे वर्षाला २० किलोच्या आसपास.

घोडे अडते ते ‘६० टक्के’पाशी. हा आकडा बाहेरच्याला ठाऊक नसतो. ध्रुव सुरू होताच इंधन-गुच्छांच्या कंपनांची अडचण आली आणि पूर्ण शक्ती गाठायला १९८८ उजाडले. सायरस १९९७पासून काही वर्षे दुरुस्तीसाठी बंद होती. ही वर्षे धरायला विसरलात तर एकूण बेरजेत पन्नास-शंभर किलोंची सूज येते. पुढे वजाबाकी करावी लागते : चाचण्यांत वापरलेले, पुनर्प्रक्रियेत वाया गेलेले आणि सुरुवातीच्या काळात संशोधन अणुभट्ट्यांच्या इंधनासाठी गेलेले प्लुटोनियम. या प्रत्येक वजाबाकीला आपापली चूक आहे. वर सांगितलेली दीडशे किलोची तफावत अशी साठत जाते.

अणुभट्टी चालू आहे का, हे उष्णतेवरून ओळखतात. उत्तर कोरियातल्या योंगब्योनचा शीतकरण मनोरा जून २००८मध्ये पाडला, तोवर वाफेचा लोट मोजणे सोपे होते. त्यानंतर नदीत सोडलेले कोमट पाणी पाहावे लागते. हिवाळ्यात नदी गोठली असताना सोडणीच्या तोंडाशी बर्फ वितळलेला दिसला, की अणुभट्टी चालू. तुर्भ्याला हा माग फार पुसट लागतो. तिथली उष्णता समुद्राच्या पाण्यात जाते आणि खाडीतले पाणी दिवसातून दोनदा भरती-ओहोटीने ढवळून निघते.

एक वाद मात्र मोजमापाने सुटणारा नाही. अमेरिकेबरोबरच्या नागरी अणुकराराच्या वेळी २२पैकी १४ वीजनिर्मिती अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली गेल्या, ८ बाहेर राहिल्या. त्यांच्या वापरलेल्या इंधनातले प्लुटोनियम कल्पाक्कमच्या जलद प्रजनक (वापरतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या) अणुभट्ट्यांच्या कार्यक्रमासाठी आहे, असे भारत सांगतो. ते अस्त्रांच्या खात्यात धरले तर एकूण आकडा कितीतरी पटींनी फुगतो. बहुतेक गंभीर अभ्यासक ते वेगळ्या रकान्यात ठेवतात, आणि आम्हालाही तेच बरोबर वाटते. पाकिस्तानातले काही लेखक ते एकत्र करतात. कुठलाही अंदाज वाचताना आधी हा रकाना शोधावा.

प्रश्न : १९९८च्या हायड्रोजन बाँबची ताकद आपण ४५ किलोटन सांगतो, परदेशी भूकंपतज्ज्ञ त्याच्या निम्मीही मानत नाहीत. जमीन एकदाच हादरली, मग उत्तरे दोन कशी? यात राजकारण किती आणि विज्ञान किती? (एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली)

आपला प्रश्न या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

भूकंपमापकावर लाटेची तीव्रता नोंदली जाते, किलोटन नोंदले जात नाहीत. तीव्रतेपासून किलोटनांपर्यंत जायला सूत्र लागते. अमेरिकेच्या नेवाडा चाचणीक्षेत्रासाठीचे प्रचलित सूत्र असे : तीव्रता बरोबर ३.९२ अधिक ०.८१ गुणिले किलोटनांचा लॉगरिदम. कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्कसाठी हेच सूत्र ४.४५ अधिक ०.७५ गुणिले लॉगरिदम असे आहे. ११ मे १९९८च्या पोखरण स्फोटांची तीव्रता अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने ५.२ दिली. ती पहिल्या सूत्रात घातली तर ३८ किलोटन येतात. दुसऱ्यात घातली तर १०. हादरा एकच, आकडा एकच, आणि उत्तरात जवळजवळ चौपट फरक.

कारण जमिनीत आहे. नेवाडाखालचे वरचे प्रावरण (भूकवचाखालचा थर) तप्त आहे, ते लाटेची ताकद शोषून घेते. सेमिपलातिन्स्कखाली जुना, थंड, टणक खडक आहे, त्यातून लाट खणखणीत बाहेर पडते. ढोल तोच, पण एकदा घोंगडी टाकून वाजवलेला आणि एकदा मोकळा. पोखरणचा खडक या दोहोंपैकी कुणाच्या जवळचा, हा वादाचा पहिला मुद्दा. भारतीय उपखंडाचे जुने कवच पाहता बाहेरचे बहुतेक तज्ज्ञ सेमिपलातिन्स्ककडे झुकतात.

दुसरा मुद्दा तीव्रतेच्या मोजणीचा. वेगवेगळ्या केंद्रांवरच्या नोंदींत ०.२चा फरक सहज पडतो. सेमिपलातिन्स्कच्या सूत्रात ०.२ म्हणजे उत्तर १.८५ पट वर किंवा खाली. नुसत्या या एका कारणाने १० किलोटनांचे ५ किंवा १८ होऊ शकतात.

तिसरा मुद्दा भाभा अणुसंशोधन केंद्राचा. त्या दिवशी ४५ आणि १५ किलोटनांची दोन मोठी साधने सुमारे एक किलोमीटर अंतरावरच्या विहिरींत एकाच क्षणी उडवली, सोबत ०.२ किलोटनाचे तिसरे होते. दोन उगमांच्या लाटा काही दिशांना एकमेकींना मारतात आणि तिथली केंद्रे कमी तीव्रता नोंदवतात, असे त्यांचे म्हणणे. तत्त्व बरोबर आहे. ते जगभरच्या सरासरीला किती खाली खेचते, यावर मतभेद आहेत. केंद्राने १९७४च्या पोखरण स्फोटाशी तुलना करूनही उत्तर काढले. जागा तीच असल्याने खडकाचा प्रश्न मिटतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा. पण मग १९७४चा अधिकृत १२ किलोटनांचा आकडा बरोबर असावा लागतो, आणि बाहेरचे अंदाज तोही कमी मानतात. शिवाय विवराजवळ खोदून काढलेल्या नमुन्यांचे किरणोत्सारी विश्लेषण झाले. ही सर्वांत थेट पद्धत. मात्र तिची पूर्ण आकडेवारी बाहेर आलेली नाही. ती येणारही नाही, कारण तिच्यातून साधनाची रचना उघड होते.

२००९मध्ये चाचणीशी संबंधित राहिलेले डीआरडीओचे के. संथानम यांनी हायड्रोजन बाँब अपेक्षेइतका चालला नाही, असे जाहीरपणे म्हटले. आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते ठामपणे नाकारले. आमचे मत विचाराल तर : उघड भूकंपनोंदींवरून ६० किलोटनांची एकूण बेरीज सिद्ध होत नाही, आणि त्याच नोंदींवरून साधन फसले असेही सिद्ध होत नाही. सूत्रातली अनिश्चितता दोन्ही बाजूंना वापरून घेता येते. अणुबळाचा आढावा घेणारे म्हणूनच अग्नी क्षेपणास्त्रांसमोर १० ते ४० किलोटन असा पट्टा लिहितात. तो लिहिण्याचा योग्य मार्ग आहे.

आणि हा घोळ फक्त आपल्याकडे झाला असे नाही. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या १९७४च्या करारात भूमिगत चाचण्यांना १५० किलोटनांची मर्यादा होती. नेवाडाच्या सूत्राने पाहिले तर सेमिपलातिन्स्कचा बरोब्बर १५० किलोटनांचा स्फोट साडेचारशेवर गेलेला दिसतो. सोव्हिएत संघ करार मोडतो आहे, असा आरोप अमेरिकेत वर्षानुवर्षे होत राहिला. शेवटी १९८८मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या चाचणीक्षेत्रात जाऊन उपकरणे लावली, तेव्हा सूत्र पडताळता आले आणि १९९०मध्ये करार अमलात आला.

प्रश्न : एकूण किती मेगाटन, ही तुलना सर्वांत सोपी नाही का? (एक वाचक, गिरगाव)

सोपी आहे, पण दिशाभूल करणारी. स्फोटाची ऊर्जा गोलाकार पसरते आणि शहर सपाट असते. त्यामुळे उद्ध्वस्त होणारे क्षेत्रफळ मेगाटनांच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. यासाठी ‘समतुल्य मेगाटन’ हे माप वापरतात. १ मेगाटनचे एक अस्त्र म्हणजे १. शंभर किलोटनांचे एक म्हणजे ०.२१५, म्हणून अशी दहा अस्त्रे मिळून २.१५. एकूण ऊर्जा तेवढीच, पण क्षेत्र दुपटीहून जास्त. सोव्हिएत संघाने १९६१मध्ये उडवलेला ५० मेगाटनांचा बाँब या मापाने १३.६ होतो. १ मेगाटनच्या वर घात आणखी कमी, म्हणजे अर्धा धरायची पद्धत आहे, तिने तो ७च्या आसपास उतरतो. महाकाय बाँब साठ्यांतून का गेले, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे अचूकतेत.

प्रश्न : अचूकतेचा आकडा ‘सीईपी’ म्हणून देतात. १०० मीटर सीईपी म्हणजे क्षेपणास्त्र १०० मीटरच्या आतच पडते ना? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ठाणे)

नाही. १०० मीटरच्या वर्तुळात निम्मी पडतात. उरलेली निम्मी बाहेर. आणि वर्तुळाचे केंद्र हे माऱ्यांच्या सरासरीचे स्थान असते, ते लक्ष्यावरच असेल याची खात्री नसते. या दुसऱ्या चुकीवर १९८०च्या दशकात मोठा वाद झाला. अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या चाचण्या कॅलिफोर्नियातून पश्चिमेला क्वाजालीन बेटाकडे होतात, युद्धात मात्र ती उत्तर ध्रुवावरून गेली असती. त्या मार्गावरचे गुरुत्वाकर्षणाचे बारीक चढउतार चाचणीत कधी अनुभवलेले नसतात.

भक्कम सायलो फोडण्याची शक्यता अशी काढतात. स्फोटाच्या मारक त्रिज्येला सीईपीने भागा, भागाकाराचा वर्ग करा, तो ०.५ला घात म्हणून द्या आणि आलेली संख्या १मधून वजा करा. मारक त्रिज्या सीईपीइतकीच असेल तर ५० टक्के. दुप्पट असेल तर ९३.७५ टक्के. निम्मी असेल तर अवघे १६ टक्के. मारक त्रिज्या किलोटनांच्या घनमुळाने वाढते. म्हणून चूक निम्मी करण्याने जे साधते, ते बाँबने साधायला त्याची ताकद आठपट करावी लागते.

जुन्या अमेरिकी टायटन-२ क्षेपणास्त्राचा बाँब ९ मेगाटनांचा, आणि उघड अंदाजांनुसार सीईपी सुमारे १.३ किलोमीटर. मेगाटनांचा दोन-तृतीयांश घात भागिले किलोमीटरमधल्या सीईपीचा वर्ग, या मापाने त्याची किंमत अडीचच्या थोडी वर जाते. आजच्या ट्रायडंट-२वरचे ९० किलोटनांचे अस्त्र, सीईपी १०० मीटर धरून, २० देते. शंभरपट लहान बाँब, आठपट प्रभावी.

आता विश्वासार्हतेची कात्री लावा. क्षेपणास्त्र ८० टक्के वेळा नीट चालते असे धरले तर ९३.७५चे ७५ टक्के होतात. दोन क्षेपणास्त्रे सोडली तर पुन्हा ९३.७५. पण हा दुसरा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा दोघांच्या बिघाडाची कारणे वेगळी असतील. एकाच कारखान्यातला एकच सदोष भाग दोघांत असेल तर दुसरे क्षेपणास्त्र काहीही भर घालत नाही. विद्यार्थ्यांच्या गणितात ही चूक सर्वांत जास्त आढळते.

आणि ते ८० टक्के तरी कशावरून? चाचण्या थोड्या असतील तर फार थोडे सांगता येते. तीनपैकी तीन चाचण्या यशस्वी झाल्या, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की विश्वासार्हता ३७ टक्क्यांहून कमी नाही. दहापैकी दहा झाल्या तर ७४ टक्के. ९० टक्क्यांचा दावा करायला ओळीने २९ यशस्वी चाचण्या हव्यात. आपल्याकडे ‘लागोपाठ तिसरी यशस्वी चाचणी’ अशी बातमी आली की हा तक्ता आठवावा.

प्रश्न : अग्नी-५चा पल्ला आपण ५,००० किलोमीटर म्हणतो, बाहेरचे काही ८,००० म्हणतात. खरा कोणता? (एक वाचक, वसई)

पल्ल्याबरोबर वजन सांगितले नसेल तर दोन्ही अर्धवट. टोकावरचा भार घटवला की पल्ला वाढतो. ११ मार्च २०२४ला अग्नी-५ची अनेक अस्त्रे वाहणारी चाचणी झाली. अनेक अस्त्रे आणि त्यांना वेगळी करणारा मंच यांचे वजन पल्ल्यातूनच वजा होते. उलट टोकाचे उदाहरण उत्तर कोरियाच्या ह्वासाँग-१५चे. नोव्हेंबर २०१७मध्ये ते सरळ उंच, सुमारे ४,४७५ किलोमीटर वर गेले आणि ९५० किलोमीटरवर पडले. त्यावरून नेहमीच्या मार्गाने १३,००० किलोमीटरचा पल्ला निघतो, पण टोकावर जवळपास रिकामे कवच असेल तर त्या आकड्याचा उपयोग काय?

चाचणीआधी विमानांना आणि जहाजांना दिलेल्या इशाऱ्यांत धोक्याच्या पट्ट्याचे अक्षांश-रेखांश असतात. ओडिशाच्या किनाऱ्यापासून पट्ट्याच्या टोकापर्यंत अंतर मोजले की कमाल मर्यादा मिळते. प्रत्यक्ष पल्ला बहुधा त्याहून कमी असतो, आणि कधी कधी इशारा देऊन चाचणी रद्दही होते.

प्रश्न : चीनने वाळवंटात ३२० सायलो खोदले. म्हणजे ३२० क्षेपणास्त्रे वाढली? (एक वाचक, परळ)

तसे गृहीत धरू नये. २०२१मध्ये यूमेन, हामी आणि ओर्दोस इथली ही क्षेत्रे विद्यापीठांतल्या आणि स्वतंत्र संस्थांतल्या अभ्यासकांनी व्यापारी उपग्रहांच्या छायाचित्रांत शोधली. बांधकाम झाकणारे फुगवलेले घुमट आणि त्यांच्यातले सुमारे तीन किलोमीटरचे सारखे अंतर, या दोन खुणांवरून ती उघडी पडली. पण काही सायलो मुद्दाम रिकामे ठेवून शत्रूला सर्वांवर अस्त्रे खर्च करायला लावणे, ही जुनी युक्ती आहे. भरलेले किती, हे इंधन आणि क्षेपणास्त्रे नेणाऱ्या वाहनांच्या ये-जा वरून हळूहळू ठरवावे लागते.

घाईत फुगवलेल्या अंदाजांची उदाहरणे कमी नाहीत. १९५०च्या दशकाअखेर अमेरिकेत ‘क्षेपणास्त्रांची दरी’ म्हणून, म्हणजे सोव्हिएत संघ आपल्या फार पुढे गेला म्हणून, रान उठले होते. ऑगस्ट १९६०पासून ‘कोरोना’ या हेर उपग्रहांची छायाचित्रे येऊ लागली आणि सप्टेंबर १९६१च्या गुप्त अंदाजात सोव्हिएत आंतरखंडीय लाँचर १० ते २५वर आले. पुढे कळले की ते त्याहूनही कमी, बोटांवर मोजण्याइतके होते. १९७६मध्ये सरकारबाहेरच्या तज्ज्ञांच्या एका गटाने १९८४पर्यंत सोव्हिएत संघाकडे ५०० बॅकफायर बाँबफेकी विमाने होतील असे म्हटले, झाली २३५. दोन्ही वेळा ‘कारखान्यातून किती निघू शकतील’ हा आकडा ‘किती निघाली’ या जागी बसवला गेला.

प्रश्न : आपले ‘प्रथम वापर नाही’ धोरण पाहता पहिला घाव सोसल्यावर आपल्याकडे किती उरेल, हाच खरा हिशेब ना? त्यात अरिहंत पाणबुडी किती मोलाची? (एक वाचक, कुलाबा)

हो, भारतापुरता तोच हिशेब महत्त्वाचा, आणि तो गुणाकाराचा आहे. नमुन्यादाखल, आकडे काल्पनिक : १०० अस्त्रांपैकी ३० टक्के घावातून वाचतात, ९० टक्क्यांपर्यंत आदेश पोहोचतो, ८० टक्के नीट चालतात, ८० टक्के संरक्षणव्यवस्था भेदतात. उरतात १७. आता साठा शंभराचा दीडशे केला तर १७चे २६ होतात. साठा तोच ठेवून वाचण्याचे प्रमाण ३०चे ६० टक्के केले तर ३५. अस्त्रे वाढवण्यापेक्षा लपवणे जास्त फळते, ते यामुळे.

पाणबुडी इथे मोलाची, पण दोन अटींवर. पहिली अट पल्ल्याची. अरिहंतच्या चार नळ्यांत ७५० किलोमीटर पल्ल्याची बारा के-१५ क्षेपणास्त्रे किंवा ३,५०० किलोमीटरची चार के-४ मावतात. इस्लामाबाद किनाऱ्यापासून ११०० किलोमीटरहून जास्त आत आहे, म्हणजे के-१५ कितीही जवळ गेले तरी तिथे पोहोचत नाही. विशाखापट्टणमजवळून बीजिंग ४,००० किलोमीटरच्या आसपास. के-४ला बंगालच्या उपसागराच्या अगदी उत्तर टोकाला जावे लागते, जिथे पाणी उथळ आणि वावर दाट. दुसरी अट संख्येची. एक नौका गस्तीवर, एक तयारीत, एक दुरुस्तीत असे चक्र असते. ब्रिटन १९६९पासून एक पाणबुडी सतत समुद्रात ठेवतो, त्यासाठी त्याला चार लागतात. अरिहंत २०१६मध्ये आणि अरिघात ऑगस्ट २०२४मध्ये दाखल झाली. दोन नौकांवर अखंड गस्त होत नाही. म्हणून हिशेबात ‘समुद्रात अस्त्रे १२’ असे सरळ लिहू नये. गस्तीच्या दिवसांच्या प्रमाणाने गुणून लिहावे.

प्रश्न : अणुस्फोटाचा परिणाम नकाशावर दाखवणाऱ्या नुकमॅप या संकेतस्थळावर मुंबई टाकून पाहिली. मृतांचा आकडा कितपत धरावा? (एक वाचक, दादर)

परिमाण समजायला उपयोगी, आकडा म्हणून नाही. त्यातली दाबाची वर्तुळे सपाट जमिनीसाठी आहेत आणि लोकसंख्या चोवीस तासांच्या सरासरीची. दक्षिण मुंबईत सकाळी अकराला आणि पहाटे तीनला किती माणसे असतात, यातला फरक ती सरासरी पुसून टाकते. मुंबई चिंचोळी आहे, त्यामुळे केंद्र एक किलोमीटर सरकवले की वर्तुळाचा मोठा भाग समुद्रात जातो. शिवाय आगी पसरून होणारी जीवितहानी त्यात धरलेली नाही. दाट वस्तीत तीच कदाचित सर्वांत मोठी ठरेल.

प्रश्न : घरी बसून, पैसे न खर्चता, यातले काही शिकता येईल का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, माटुंगा)

येईल. युरोपच्या कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-२ उपग्रहाची छायाचित्रे मोफत मिळतात. सूक्ष्मता १० मीटर, दर पाच दिवसांनी नवे चित्र. सुरुवात आधीच प्रसिद्ध झालेल्या परदेशी स्थळांपासून करा. यूमेन उत्तम, तिथे ढग कमी असतात. आपल्याकडच्या निषिद्ध क्षेत्रांच्या वाटेला जाऊ नका, कायद्याने ते महाग पडू शकते.

२०१९ ते २०२२ची एकाच महिन्यातली चित्रे शेजारी ठेवा. महिना वेगळा असेल तर सावलीची लांबी बदलते आणि नवे बांधकाम झाल्याचा भास होतो. आधी रस्ते पाहा, घुमट नंतर. १० मीटर सूक्ष्मतेत घुमट काही ठिपक्यांएवढाच असतो, पण नवा रस्ता लांबलचक रेघ म्हणून लगेच उठून दिसतो, आणि रस्त्याच्या टोकाला काय आहे ते मग शोधता येते. सापडलेल्या प्रत्येक जागेसमोर तीन रकाने ठेवा : दिसलेली तारीख, आधीच्या चित्रात नसल्याची तारीख, आणि खात्री किती. मोजणी संपल्यावर आठवडाभराने, आधीची यादी न पाहता, पुन्हा मोजा. दोन मोजण्यांत जो फरक येईल, तो आपल्या अंदाजातल्या चुकीचा किमान आकडा समजून निष्कर्षाशेजारी लिहा.